कुत्री विणार आहे. तारीख मात्र विचारू नका

पुण्यातल्या घरात कुत्री पहिल्यांदा गाभण राहिली की आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. मेटिंगच्या दिवसावर गोल होतो, तिथून ६३ दिवस मोजले जातात, ऑफिसात रजेचा अर्ज जातो. ती रजा बऱ्याचदा फुकट जाते. मेटिंगपासून मोजलं तर कुत्री ५८व्या दिवशी विऊ शकते, ७२व्या दिवशीही विऊ शकते, आणि दोन्ही वेळा तिचं काहीच चुकलेलं नसतं. चुकलेली असते ती मोजणीची सुरुवात.

गाय, मांजर, माणूस यांचं बीजांड अंडाशयातून बाहेर पडतं तेव्हा फळायला तयार असतं. कुत्रीचं कच्चं असतं. बाहेर पडल्यावर ते बीजनलिकेत दोन-तीन दिवस पडून राहतं, पिकतं आणि मगच फळू शकतं. आता यात कुत्र्याच्या शुक्राणूंचा चिवटपणा मिळवा: कुत्रीच्या शरीरात ते जवळजवळ आठवडाभर टिकतात. म्हणजे सोमवारी मेटिंग झालं आणि गर्भ राहिला पुढच्या रविवारी, असं खुशाल होऊ शकतं. मोजायचं असतं ते बीजांड सुटल्याच्या दिवसापासून. तिथून मोजलं की हेच गर्भारपण एकदम काटेकोर होतं: ६३ दिवस, फार तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे.

तो दिवस कळतो कसा? रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून. बहुतेक सस्तन प्राण्यांत हे संप्रेरक बीजांड सुटल्यानंतर चढतं, कुत्रीत ते सुटण्याच्या आधीच चढायला लागतं. तिच्या शरीराची ही उलटी चाल आपल्या पथ्यावर पडते. माजाच्या दिवसांत एक-दोन दिवसांआड रक्त तपासलं तर डॉक्टर बीजांड कधी सुटणार हे आधी सांगू शकतात, मेटिंगचा दिवस त्यावरून ठरतो आणि विण्याची तारीखही. पहिल्यांदाच हा उद्योग करणाऱ्याने एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे ठरवले, तर मी ही तपासणी सुचवीन. विण्यासाठीची महागडी पेटी नंतर.

या कच्च्या बीजांडाचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. ठरवलेल्या नराशी मेटिंग झालं म्हणजे काम झालं, असं समजून कुत्रीला पुन्हा सोसायटीच्या आवारात मोकळं सोडतात. बीजांडं अजून पिकतायत, माज उतरलेला नाही, आणि गेटबाहेर गल्लीतले उमेदवार बसलेलेच आहेत. एकाच वेताची पिल्लं दोन वेगवेगळ्या बापांची असू शकतात. चार पिल्लं गोल्डन रिट्रीव्हरसारखी आणि दोन थेट गल्लीतल्या काळ्यासारखी निघाली, तर त्यात चमत्कार नाही, जीवशास्त्र आहे.

गल्लीतल्या कुत्र्यांचं पंचांग निराळं. घरच्या कुत्र्या साधारण सहा-सात महिन्यांनी, वर्षात कधीही माजावर येतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मोसम आपल्याकडे भाद्रपद, हे प्रत्येक मराठी माणसाला म्हणीवाक्प्रचारांतून ठाऊक असतं. भाद्रपदात नऊ आठवडे मिळवा: कार्तिक-मार्गशीर्ष. थंडीच्या तोंडावर पार्क केलेल्या गाड्यांखाली आणि बांधकामावरच्या पाइपांमध्ये पिल्लं कुईकुई करायला लागतात ती त्यामुळे.

गर्भारपणाचे पहिले तीन आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही, आणि आत मात्र मोठी वर्दळ चालू असते. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात. फळलेले गर्भ लगेच रुजत नाहीत. ते तरंगत राहतात, एका शिंगातून दुसऱ्या शिंगातही जातात, आणि एकमेकांत बऱ्यापैकी सारखं अंतर ठेवून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रुजतात. एका अंडाशयातून पाच बीजांडं आली आणि दुसऱ्यातून दोन, तरी पिल्लांची वाटणी दोन्ही बाजूंना साधारण समान होते. जागावाटपाचा इतका शांत तंटामुक्त कार्यक्रम मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसतात, मिनिटाला दोनशेहून जास्त.

सोनोग्राफी करायचीच, कारण कुत्रीच्या वागण्यावर आणि पोटावर विश्वास ठेवता येत नाही. ती खोटं बोलते असं नाही, तिच्या शरीरालाच पक्कं माहीत नसतं. माणसात गर्भ राहिला नाही तर शरीराला ते दोन आठवड्यांत कळतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. कुत्रीत गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन साधारण दोन महिने जवळपास सारखंच चढतं-उतरतं. त्यामुळे कधी कधी न फळलेली कुत्रीसुद्धा नवव्या आठवड्यात अंथरूण खरवडते, मोजा किंवा खेळणं पिल्लासारखं छातीशी घेते, तिला दूधही येतं. गर्भ आहे याची खात्रीची खूण देणारं संप्रेरक एकच, रिलॅक्सिन, कारण ते वारेतून येतं आणि वार पिल्लाशिवाय बनत नाही. साधारण महिनाभराने ते रक्तात सापडतं.

निसर्गाने हा घोळ ठेवला कशाला? एक पटणारी कल्पना लांडग्यांकडे बोट दाखवते. कळपात बहुधा एकच मादी विते, पण बाकीच्यांच्या शरीरानेही त्याच सुमाराला आईपणाची तयारी केलेली असेल, तर पिल्लांना मावशा मिळतात, प्रसंगी दूधही. तुमच्या सोफ्यावर मोज्याला चाटत बसलेली लॅब्रॅडॉर कदाचित त्या जुन्या मावशीपणाचा वारसा चालवत असते.

सातव्या आठवड्यानंतर पिल्लांच्या हाडांत कॅल्शियम भरायला लागतं आणि ती एक्स-रेमध्ये उमटतात. ५५व्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेत डोकी आणि पाठीचे कणे मोजता येतात. हा आकडा हौसेसाठी नाही. रात्री तीन वाजता सहावं पिल्लू आल्यावर कुत्री शांत झोपली, तर ती मोकळी झाली की सातवं आत अडकलंय, हे ठरवायला दुसरा सोपा आधार नसतो.

हाडं भरतायत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करण्याचा मोह याच वेळी होतो. तो आवरा. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून ते ओढून आणण्याचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. बाहेरून आयता पुरवठा चालू राहिला की या ग्रंथी सुस्तावतात. मग व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दूध भरात असताना, एकाएकी मागणी वाढते आणि ग्रंथी जाग्या होईपर्यंत उशीर होतो. कुत्री धापा टाकते, थरथरते, ताठरते. तेव्हा डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य थोडं थोडं करून अनेकदा दिलं की पुरतं. शेजारच्या आजींनी मायेने आणलेले डिंकाचे लाडू मात्र तुम्ही खा. त्यात मनुका-बेदाणे असतील तर ते कुत्रीच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

पेटी आठवडाभर आधी मांडावी, म्हणजे ती जागा तिला आपली वाटते. नाहीतर ती पलंगाखालचा कोपरा किंवा कपाटाचा तळचा कप्पा निवडते आणि मग टॉर्च घेऊन पालथं पडायची पाळी तुमची. आडवं पसरून झोपता येईल एवढी लांबी-रुंदी, रद्दी पेपरांचा जाड थर, आणि भिंतींच्या आतल्या बाजूने वीतभर उंचीवर फिरवलेली लाकडी पट्टी. ती पट्टी शोभेची नाही. आई भिंतीला टेकून आडवी होते तेव्हा पाठीमागे सापडलेलं पिल्लू त्या फटीत वाचतं.

आणि थर्मामीटर. मला या सगळ्या तयारीत सर्वांत विलक्षण वाटतं ते हे स्वस्तातलं यंत्र. ५६व्या-५७व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातलं तापमान लिहून ठेवायचं. १०१ फॅरनहाइटच्या आसपास असणारा आकडा एके दिवशी ९९च्या खाली घसरतो, आणि बहुधा पुढच्या २४ तासांत कळा सुरू होतात. शरीर गरम ठेवणाऱ्या गोष्टींत प्रोजेस्टेरॉन एक. ते अचानक कोसळलं म्हणून पारा उतरला. पण ते कोसळवलं कोणी? कुत्रीत हे संप्रेरक अखेरपर्यंत अंडाशयातच बनतं, वारेत नाही, आणि त्याचा नळ बंद करण्याचा निरोप पिल्लांकडून येतो. पूर्ण वाढलेली पिल्लं दाटीवाटीने ताणावर येतात, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि ते अंडाशयातला कारखाना बंद पाडतं. म्हणजे सकाळी थर्मामीटरवर तुम्ही वाचता तो पोटातल्या पिल्लांनी घेतलेला निर्णय. यामुळेच एकाच पिल्लाच्या गर्भारपणात भीती असते: एकट्याचा निरोप कधी पुरेसा जोरात पोहोचत नाही, आणि दिवस उलटून जातात.

कळांचा पहिला टप्पा सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतो. कुत्री थरथरते, धापा टाकते, पेपर फाडते, जेवणाला तोंड लावत नाही. या वेळी घरात गर्दी, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर थेट प्रक्षेपण यांपैकी काहीही नको. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात. मग जोर लावणं सुरू होतं. दहातली तीन-चार पिल्लं मागच्या पायांकडून येतात आणि कुत्रीत हे नेहमीचंच आहे. आई पिशवी फाडते, नाळ चावून तोडते, वार खाते. बरोबर गडद हिरवा स्राव येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा रंग हादरवतो. कुत्रीची वार गर्भाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळलेली असते, तिच्या कडांना रक्त साठून त्याचं विघटन होतं आणि त्यातून युटेरोव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य बनतं. पहिल्या पिल्लानंतर हिरवं दिसलं तर ठीकच. पहिलं पिल्लू येण्याआधीच दिसलं आणि पिल्लाचा पत्ता नाही, तर वार सुटली आहे आणि आतलं पिल्लू प्राणवायूविना आहे: तडक डॉक्टर. वीस-तीस मिनिटं जोरदार कळा देऊन काही आलं नाही, किंवा आत पिल्लं उरलेली असताना दोनेक तास काहीच हालचाल नाही, तरी फोन करायचाच. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे त्या रात्री शोधायचं नसतं.

आईने दुर्लक्ष केलं तर पिशवी आपण फाडायची, नाक-तोंड पुसायचं, टॉवेलने खसखसून चोळायचं. पिल्लाला हातात धरून गरागरा झोके देण्याची जुनी पद्धत अजून काही जण शिकवतात. ती सोडा, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

जातीबद्दल इथेच बोललं पाहिजे. हे सगळं कुत्रीला एकटीला जमतं, कारण पिल्लाचं डोकं तिच्या कटीतून निघतं. माणसाने काही जातींत डोकं मोठं आणि कटी अरुंद होईल अशी निवड केली. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या दर दहापैकी आठांहून अधिक वेतांना सिझेरियन लागलं होतं. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने २००३ नंतर पगला घराघरात नेलं, त्याचंही तोंड असंच चपटं. पहिल्याच वेताला अशी जात निवडणं म्हणजे शस्त्रक्रिया गृहीत धरणं, आणि मला तो शौक समजत नाही. याउलट आपल्या दख्खनच्या माळावरचा कारवान पाहा: लांबट निमुळतं डोकं, सडपातळ अंग, गोठ्यात व्यालेल्या आयांच्या पिढ्यान्‌पिढ्यांतून उतरलेला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुळातली जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली, आणि २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही झळकला.

पिल्लू बाहेर आलं म्हणजे जन्म पुरा झाला, असं कुत्र्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. डोळे मिटलेले, कानांच्या नळ्या बंद. थंडी वाजली तर कुडकुडण्याचीही सोय पहिल्या आठवड्यात नाही. पोटाखाली आईची जीभ फिरल्याशिवाय त्याला शू-शी होत नाही. आई नसलेल्या पिल्लाला हे काम कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन आपण करायचं असतं. त्याच्या शरीराचं अर्धं कामकाज अजून आईच्या शरीरात चालतं.

त्यातही उष्णता पहिली. नवजात पिल्लाचं स्वतःचं तापमान ३५-३६ अंश सेल्सिअस, आईपेक्षा दोन-तीन अंश कमी, आणि तेही बाहेरून मिळालं तर. पेटीत पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश हवेत. वेधशाळेचं सिमला ऑफिस डिसेंबरात पुण्याचं किमान तापमान दहा-अकरा सांगतं, तेव्हा फरशीवरची पेटी म्हणजे संकटच. बल्ब किंवा हीटिंग पॅड पेटीच्या एकाच बाजूला लावायचं, म्हणजे उकडलं तर सरकायला दुसरी बाजू राहते. गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नका, आधी ऊब द्या. थंड पडलेली आतडी हलत नाहीत, दूध पोटात कुजतं. ऊब हे औषधही आहे. पिल्लांना मारणारा श्वानांचा हर्पीस विषाणू ३५-३६ अंशांत जोमाने वाढतो, मोठ्या कुत्र्याच्या अंगच्या तापमानाला त्याचा जोर ओसरतो. प्रौढ कुत्रीला तो क्वचितच जाणवतो, पिल्लांचं वेत मात्र काही दिवसांत संपवतो, यामागे हे दोन अंश आहेत.

मग न दिसणारं, न ऐकणारं पिल्लू आईचं पोट शोधतं कसं? वासाने आणि स्पर्शाने, हे जुनं उत्तर. २०२० साली स्वीडनचं लुंड विद्यापीठ आणि हंगेरीचं योत्वोश लोरांद विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवलं, की कुत्र्याच्या नाकाचं ओलं थंड टोक दुरून येणारी क्षीण उष्णता ओळखू शकतं. प्रयोग मोठ्या कुत्र्यांवर झाला होता, पण डोकं लटलट हलवत आईकडे सरकणारं तीन दिवसांचं पिल्लू पाहताना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येकाचं वजन करा, रंगीत दोरे बांधून ओळख ठेवा. आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाची दुप्पट व्हायला हवी. पहिल्या दिवसानंतर सलग घट दिसली तर पिल्लू रडायच्या आधी काटा ते सांगतो.

पहिला चीक किती मोलाचा, हे खरवस खाणाऱ्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. चिकात प्रथिनं खच्चून असतात म्हणून खरवस थिजतो, आणि त्या प्रथिनांत मोठा वाटा आईच्या प्रतिपिंडांचा असतो. कुत्रीच्या वारेतून पिल्लाला प्रतिपिंडांचा दहावा हिस्साही मिळत नाही. बाकी सगळे चिकातून. आणि पिल्लाच्या आतड्याचं दार ते अख्खे आत घेण्यासाठी जेमतेम एक दिवस उघडं असतं, तेही तासागणिक मिटत जातं.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, मग कान. तिसऱ्या आठवड्यापासून दुसरंच एक दार उघडतं. अमेरिकेत १९६१ साली झालेल्या प्रयोगात उंच कुंपणाच्या मैदानात माणसाचा सहवास न मिळता वाढलेली पिल्लं १४व्या आठवड्यात हाती आली तेव्हा ती जवळपास रानटी झाली होती. सातव्या आठवड्याच्या सुमाराला बाहेर काढून माणसांत ठेवलेली मात्र सहज माणसाळली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या १९६५च्या पुस्तकाने तीन ते बारा आठवड्यांचा हा काळ जगापुढे नीट मांडला. पुण्याच्या पिल्लाला या काळात कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, लहान मुलं, लांबून येणारा ढोल-ताशा हे सगळं हलक्या हाताने ओळखीचं करून द्यावं लागतं.

हीच काळजी गेटबाहेर कोणी घेत नाही. पाषाणच्या आयसरची भगिनी संस्था असलेल्या आयसर कोलकाताच्या अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षं रस्त्यावरच्या ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं मोजली. विण्याच्या वयापर्यंत पोहोचली फक्त १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणाला माणूस कारण होता. तरीही याच गटाला आढळलं, की या आया विण्यासाठी माणसांच्या वस्तीलगतच्याच जागा निवडतात. घरातल्या वेताची तयारी करताना ही आकडेवारी समोर ठेवावी असं मला वाटतं. प्रत्येक पिल्लाला घर ठरलंय का, हा प्रश्न मेटिंगच्या आधीचा आहे.

कायद्याच्याही अटी आहेत. २०१७चे श्वान प्रजनन व विपणन नियम विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला लावतात, १८ महिन्यांखालच्या कुत्रीचं वेत आणि आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री यांना मनाई करतात.

आठ आठवडे पुरे करून पिल्लू नव्या घरी जातं तेव्हा लसीचं कार्ड अर्धवट असतं, आणि त्याचं कारण पुन्हा चिकातच आहे. आईचे प्रतिपिंड पिल्लाला पार्व्होसारख्या विषाणूंपासून वाचवतात, पण लसही तितक्याच तत्परतेने निकामी करतात. ते ओसरत जातात, प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेगाने. मधे असे काही दिवस येतात, जेव्हा प्रतिपिंड रोगाला अडवायला अपुरे आणि लसीला अडवायला पुरेसे असतात. हे दिवस बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, १६ आठवडे पुरे होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची, यातली एक तरी बरोबर वेळी लागेल या हिशोबाने. पिल्लू नेणाऱ्यांना कार्डावरच्या रिकाम्या तारखा दाखवून हे समजावून सांगा, आणि त्या भरेपर्यंत पिल्लाला संभाजी बागेच्या मातीत उतरवू नका, कडेवर घेऊन फिरवा, हेही.